पाठीवर पिशवी आणि वहीतले शून्य

गेल्या दिवाळीची गोष्ट. भाऊबीज होऊन गेली होती, पाहुणेमंडळी परतली होती, आणि फराळाच्या डब्यांतून आता नुसता चुरा निघत होता. अशा निवांत सकाळी आमच्या कन्येने चहाच्या पेल्याबरोबर घरात एक सुतळी बॉम्ब ठेवला.

"आई, मी पैसे साठवते आहे. श्रीलंकेला जाणार. एकटी. पाठीवर पिशवी टाकून, महिनाभर."

वय वर्षे तेवीस. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेले. माझ्या मनात त्या एका क्षणात किती संकटे येऊन गेली, ते कोणत्याही आईला सांगावयास नको. 'ह्यां'नी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि आधी व्यवहाराचा प्रश्न विचारला, "पैसे पुरणार कसे?"

"पुरतात, बाबा! कितीतरी जण असे फिरतात. साध्या खोलीत राहायचे, लोकांच्या बसने जायचे, रस्त्याकडेला जेवायचे. उष्ण कटिबंधातल्या देशात गरम कपडे लागत नाहीत. ओझे कमी, म्हणून खर्च कमी."

आमच्या घरी भूगोलाचे सगळे ज्ञान 'ह्यां'च्याकडे. ते शांतपणे म्हणाले, "कर्कवृत्त मध्य प्रदेशातून जाते. त्याच्या दक्षिणेचा आपला सारा महाराष्ट्र उष्ण कटिबंधातच येतो. तर आधी इथे फिरून दाखव!"

झाले, पैज ठरली. पाच दिवस, दोन माणसे, तीन हजार रुपये. घराच्या उंबऱ्यापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत. पैनपैचा हिशेब वहीत. हिशेब तीन हजारांत बसला तर श्रीलंकेची परवानगी. नाही बसला तर पुन्हा विषय काढावयाचा नाही. दुसरे माणूस अर्थातच मी. मात्र मला एक अट होती: कोठे जायचे, काय खायचे, कोठे झोपायचे, हे सारे लेक ठरवील, मी तोंड उघडायचे नाही. वाचकहो, पाचही दिवसांत मला सर्वांत जड गेली ती हीच अट!

प्रदेश ठरला जुन्नरचा, कारण त्या तालुक्यातले राजुरी हे माझे आजोळ. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही मायलेकी डोंबिवलीहून निघालो.

दोन अर्धी मिळून एक

निघण्याच्या आदल्या रात्री मी माझी पिशवी भरली, आणि लेकीने ती रिकामी केली. थर्मास, शंकरपाळ्यांचा डबा, तिसरी साडी, उशीचा अभ्रा, सारे बाहेर! "ज्या वस्तूचे दोन उपयोग नाहीत ती घरी राहील," हा तिचा नियम. शाल पांघरायलाही आणि घडी करून उशालाही. पंचा अंग पुसायला आणि उन्हात डोक्याला. बोलायची बंदी असल्यामुळे मी गप्प राहिले. पण तिसऱ्या दिवशी शिवनेरी चढताना त्या नियमाला मनोमन हात जोडले.

कल्याणहून नगरकडे जाणारी एस. टी. धरली. माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा आणि त्यापुढे राजुरी, असा हा रस्ता. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या एस. टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे; तेव्हा आम्हां दोघींची दोन अर्धी मिळून एकाच माणसाच्या पैशांत काम झाले. पहिली एस. टी. पुणे-नगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ रोजी. पंचाहत्तराव्या वर्षी तिने घरोघरच्या बहिणींना ही भाऊबीज घातली म्हणायची! ज्यांना सबंध राज्यच पालथे घालावयाचे असेल, त्यांच्यासाठी एस. टी.ने १९८८ साली 'आवडेल तेथे प्रवास' हा पास काढला. ठरावीक रक्कम भरा आणि ठरावीक दिवस हव्या त्या गाडीत बसा. एकेकाळी कॉलेजातली मुले त्या पासावर कोकण आणि विदर्भ एका सुट्टीत पाहून येत. पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात भटकणे ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे.

राजुरीचा मुक्काम

राजुरीत माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी असतात. लहानपणी मी ज्या ओट्यावर सागरगोटे खेळले, तो ओटा आता राहिला नाही. पण कुकडीचे पाणी आल्यापासून शिवार हिरवे झाले आहे. कांदा, टोमॅटो, ऊस, डाळिंब. उसाबरोबर बिबट्याही आला. पिकात त्याला लपायला जागा मिळते, आणि गावाच्या आसपास कुत्री, शेळ्या. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. म्हणून दिवेलागणीनंतर लेकीने "जरा पाय मोकळे करून येते" म्हणताच वहिनींनी तिला दारातच अडवले.

"पाय मोकळं करायचं ते दिवसा करायचं, पोरी. रातीचा रस्ता त्याचा हाय."

रात्री गरम बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत आणि वर लोणी. जेवणे झाल्यावर कन्येने वही उघडली. प्रवास, चहा, केळी यांचे आकडे मांडले. त्याखाली लिहिले: 'जेवण ०, मुक्काम ०.' आणि मोठ्या आनंदाने मला दाखवले. "बघ आई, पहिल्याच दिवशी केवढी बचत!"

ते शून्य माझ्या डोळ्याला खुपले. वहिनी पहाटे साडेचारला उठल्या होत्या, शेतावर मजुरांच्या मागे उभ्या होत्या, आणि आमच्यासाठी पुन्हा चुलीपुढे बसल्या होत्या. पण माझे आजोळ, माझी माणसे. येथे हिशेब कसला? शिवाय मला बोलायची बंदी! मी पांघरूण ओढून झोपले.

दोन हजार वर्षांपूर्वीचे प्रवासी

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आळ्यापर्यंत पायी गेलो. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखी वेद वदविले, त्याची समाधी आळ्याला आहे अशी श्रद्धा. मोटारीने नगरला जाताना हे गाव मी कितीदा तरी ओलांडले असेन, पण समाधीपुढे उभी राहिले ती पायी गेले म्हणूनच. तेथून आळेफाटा, नारायणगाव आणि जुन्नर, अशा दोन-तीन गाड्या बदलल्या. नारायणगावाजवळच्या खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या; त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना दूरवर पसरलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या नाहीत. तारांच्या दोरांवर बारीक जाळी ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो, वजन घटते, खर्चही घटतो. "बघ," लेक म्हणाली, "काटकसर करून तारे दिसतात, मग श्रीलंका का नाही दिसणार?"

लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या आम्ही दुपारच्या उन्हात चढलो. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे हे देऊळ मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार. डोंगरात खोदलेले, आत एकही खांब नाही. शेजारीच सुरेख चैत्यगृह आहे. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत अशी शेकडो दालने कोरलेली आहेत, कारण कोकणातल्या बंदरांकडून पैठणकडे जाणारा व्यापाराचा रस्ता येथून जाई.

या लेण्यांतले शिलालेख लेकीने आधीच वाचून ठेवले होते. पायरीवर बसल्या बसल्या तिने मला दोन सांगितले. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याच्या दोन पोढी, म्हणजे टाकी, खोदवून दिल्या. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेली परकी माणसे. कोठल्या कोठे घर सोडून येथवर आलेली. आणि त्यांनी आपले नाव दगडात कोरून घेतले ते पाणी आणि जेवण दिले म्हणून.

"परके लोक येऊन इथल्यांना जेवू घालून गेले," मी न राहवून म्हणाले.

लेकीने माझ्याकडे पाहिले. अट मोडल्याबद्दल ती बोलली नाही. पण उत्तरही दिले नाही.

त्या रात्री जुन्नरात एक साधी खोली घेतली. भिंतीला पोपडे, बादलीला कान नाही. पण दाराला आतून चांगली कडी होती. खोली पाहताना लेकीने आधी कडी पाहिली, मग खिडकी, मग भाडे विचारले. हे मात्र मी मनात तिच्या बाजूने लिहून ठेवले. सकाळी उठून शिवनेरी. सात दरवाजे ओलांडून, शिवाईचे दर्शन घेऊन, १६३० साली जेथे शिवराय जन्मले त्या जागी पोहोचलो. २०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांत शिवनेरीही आहे. गंगा-जमुनाच्या टाक्यांतले थंडगार पाणी पाहिले, आणि पुन्हा ते दोन यवन आठवले.

घाटघरची रात्र

दुपारच्या गाडीने नाणेघाटाच्या माथ्याजवळच्या घाटघर गावी उतरलो. लेकीचा बेत देवळात पथारी टाकण्याचा, भाडे शून्य! पण सह्याद्रीच्या माथ्यावरची डिसेंबरातली संध्याकाळ तिच्या हिशेबात धरलेली नव्हती. उष्ण कटिबंधातही दात वाजतात, हे तिला त्या दिवशी कळले. एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालली होती. ती थांबली.

"देवळात निजनार? काकडून मराल की गं! चला घरी."

दोन खणांचे घर. म्हातारी, तिची सून आणि सहा-सात वर्षांची नात. मुलगा कामासाठी नारायणगावाकडे गेलेला. नाचणीची भाकरी, हुलग्याचे कालवण. भूक अशी लागली होती की आम्ही दोघींनी दोन दोन भाकरी कधी संपवल्या ते कळले नाही. मग नातीने अजून अर्धी मागितली. सून टोपलीत पाहून हळूच म्हणाली, "सकाळी दिईन हां."

मी ते ऐकले. लेकीनेही ऐकले. आम्हांला दोन गोधड्या मिळाल्या. सासू, सून आणि नात एकाच गोधडीत चुलीजवळ निजल्या.

लेकीने मोबाईलच्या उजेडात वही काढली. बसभाडे लिहिले. मग 'जेवण' असे लिहून ती बराच वेळ बसून राहिली. शेवटी तिने शून्य काढलेच. पण या वेळी मला दाखवले नाही.

ज्या हिशेबात शून्य नाही

पहाटे धुक्यातून चालत नाणेघाटावर गेलो. खाली सरळ कोकण तुटलेले; दगडी वाट त्या नळीतून उतरून मुरबाडच्या अंगाला जाते. वर तो मोठा दगडी रांजण. वाटसरू आणि व्यापारी त्यात जकात टाकत, असे सांगतात. वाट कोणालाच फुकट नव्हती!

घाटातल्या गुहेत, डावी-उजवीकडच्या भिंतींवर, सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला. तो आहे दानाचा हिशेब. कोणत्या यज्ञात किती गायी, किती घोडे, किती कार्षापणे दिली, त्यांचे आकडे. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या आकड्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून जगभरचे अंकगणिताचे इतिहासकार या गुहेचे नाव घेतात. त्या काळी दहाला निराळी खूण, शंभराला निराळी, हजाराला निराळी. स्थानावरून किंमत ठरविण्याची रीत अजून आलेली नव्हती. त्यामुळे या साऱ्या लेखात शून्य नाही.

लेक मला हे समजावून सांगत होती, आणि सांगता सांगता मध्येच थांबली.

"आई, यांच्या हिशेबात शून्यच नाही."

"नाही ना?"

"माझ्या वहीत चार आहेत."

मी काही बोलले नाही. अट पाळण्यासाठी नव्हे. आता बोलायची गरजच उरली नव्हती. जरा वेळाने तीच म्हणाली, "मी स्वस्तात फिरत नाहीये, आई. माझे पैसे दुसरे कुणीतरी भरते आहे. काल त्या पोरीने अर्धी भाकरी भरली."

परत घाटघरला आलो. आता प्रश्न आला की द्यायचे कसे? लेकीने सरळ नोटा पुढे केल्या, तेव्हा म्हातारी दोन पावले मागे सरली.

"भाकरीचं पैशे घेत्यात व्हय? आमी काय हाटेल मांडलंय?"

लेकीचा चेहरा उतरला. येथे मात्र मी मध्ये पडले. शेवटी आईने काहीतरी यायला हवे ना! गावातल्या दुकानातून तेल, साखर, चहा आणि गूळ आणला. नातीला जवळ घेतले आणि तिच्या मुठीत पैसे ठेवून म्हटले, "मावशीकडून खाऊला." लेकराच्या हातावर ठेवलेले कोणी परत करीत नाही. म्हातारीने डोळ्यांना पदर लावला, आणि जाताना आमच्या पिशवीत ओंजळभर हुलगे टाकले. ते मात्र आम्ही मुकाट्याने घेतले. देणाऱ्यालाही कोणीतरी घेणारा लागतोच.

कांद्याचे वाफे

संध्याकाळी राजुरी. दुसऱ्या दिवशी दादांकडे कांद्याची लागण चालू होती. लेक पहाटेच म्हणाली, "मामी, आम्ही पण येतो." वहिनी हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. ओल्या वाफ्यात वाकून एक एक रोप अंगठ्याने दाबावयाचे. शेजारच्या बायका बोलता बोलता हात चालवीत पुढे निघून गेल्या. आम्ही दोघी मागे. दुपारपर्यंत माझी कंबर आणि लेकीची ऐट, दोन्ही मोडली.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या वाफ्यातलं कांदं निराळं ठिवू. वाकडं निघालं तर तुमच्याच घरी धाडू!"

निघताना लेकीने मामीला आळेफाट्याहून आणलेला खण आणि पोरांना मिठाई दिली. वहिनी रागावल्या, पण तो राग खण उराशी धरून होता.

निकाल

घरी आल्यावर 'ह्यां'नी चष्मा लावून वही तपासली. एकूण खर्च तीन हजार सहाशे चाळीस. सहाशे चाळीस रुपये जास्त. चार शून्ये खोडलेली. घाटघरच्या दोन शून्यांच्या जागी 'सामान व खाऊ, ३००', राजुरीच्या दोन शून्यांच्या जागी 'मामी व मुले, ३४०', आणि खाली बारीक अक्षरात 'अर्धा दिवस कांदे लावले.'

"हरलीस," हे म्हणाले.

"हरले, बाबा," लेक म्हणाली. तिने वाद घातला नाही.

आता बोलायची बंदी उठली होती. मी म्हटले, "हिशेब तीन हजारांत बसला असता, तर मी हिला कधीच पाठवले नसते. परमुलखात लोकांच्या चुलीवर जगून पैसे वाचवणारी मुलगी मला नको होती. ही जास्त खर्च करून आली आहे. आता हिला जाऊ द्या."

'ह्यां'नी पुन्हा एकदा वही चाळली, कांद्यांपाशी थांबले, आणि चष्मा काढला. परवानगी मिळाली.

वाचकहो, थोड्या पैशांत फिरण्याला मी नावे ठेवीत नाही. उलट मुलांना जरूर पाठवा, आणि जमले तर स्वतःही जा. ओझे थोडके घ्या, सरकारी बसने जा, अंधार पडण्याच्या आत मुक्कामावर पोहोचा, खोलीची कडी आधी पाहा, रोज रात्री घरी कळवा. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे घरावरचे कर्ज फेडण्यासाठी उत्तरेकडे निघाले. त्यांच्या गाठीलाही फार पैसा नव्हता. पैसा थोडा असला म्हणजे माणूस वाट विचारतो, ओट्यावर टेकतो, ओळख करून घेतो. भरल्या खिशाला हे सुचत नाही. पण आपली काटकसर आपल्याच पोटाला चिमटा घेऊन करावी. दुसऱ्याच्या टोपलीतल्या अर्ध्या भाकरीवर करू नये. कोणी पैसे घेत नसेल तर वस्तू द्यावी, वस्तू घेत नसेल तर लेकराला खाऊ द्यावा, तेही नको असेल तर हाताने काम करावे.

या दिवाळीनंतर आमची कन्या श्रीलंकेला निघते आहे. तिची पिशवी मी भरायला बसले, तर तिने शंकरपाळ्यांचा डबा पुन्हा बाहेर काढला. मग क्षणभर विचार केला आणि परत आत ठेवला.

"असू दे, आई. तिकडे कुणी जेवायला बोलावले तर हातात काहीतरी हवे."